कलपाखालची सपाट रेघ

केस धुऊन यायचं, तेल लावायचं नाही, गजरा माळायचा नाही, एवढ्या सूचना मी सगळ्या बायकांना दिल्या होत्या. कलप लावायचा नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. पुढे जे झालं त्याची सुरुवात इतकी साधी आहे. आठवलं की अजून शिसारी येते, म्हणून क्रमाने लिहितो.

मी रोह्यात राहतो. मुंबईत एका दैनिकाच्या संपादकीय विभागात बरीच वर्षं काढल्यानंतर एका जिल्हा दैनिकासाठी पेण आणि रोहा हे दोन तालुके बघत होतो. मुंबईहून संशोधकांचा एक गट पेणला येणार होता. त्यांना गावोगाव ओळखी असलेला आणि इंग्रजी कागद वाचता येणारा माणूस हवा होता. मी तयार झालो. बातमी आपल्यालाच पहिली मिळेल, हा हिशोब त्यात होता.

त्यांचा विषय असा. दोन माणसं एकत्र काम करतात किंवा बोलतात तेव्हा दोघांच्या मेंदूंत काय चालतं, ते एकाच वेळी बघायचं. त्यासाठी एक घट्ट कापडी टोपी असते. टोपीला बारीक दिवे असतात आणि त्यांच्याशेजारी उजेड टिपणारी बटणं. दिव्याचा उजेड कवटीतून आत जातो, मेंदूच्या वरच्या थरातून फिरतो आणि थोडासा परत बाहेर येतो. तिथे रक्त किती पोचलं यावर परत येणारा उजेड कमी-जास्त होतो, आणि त्यावरून संगणकाच्या पडद्यावर एक रेघ चालते. दोन माणसं, दोन टोप्या, दोन रेघा. रेघा बरोबरीने वर-खाली झाल्या की त्या दोघांचा मेळ आहे असं धरायचं. गटाच्या प्रमुखांना आम्ही सर म्हणत होतो. त्यांना वर्षानुवर्षं जोडीने काम करणारी माणसं हवी होती. पेणच्या व्यापाऱ्यांसाठी पापड लाटणाऱ्या बायका मी सुचवल्या.

त्यातली एक जोडी माझ्या चांगल्या ओळखीची होती. रोह्याहून कोलाडला जाताना रस्त्यापासून आत एक भातशेतीचं गाव आहे. तिथे एका घरात दोन जावा पोह्यांचे पापड करतात. थोरली साठीच्या पुढची, विधवा, मूलबाळ नाही. धाकटी पंचेचाळिशीची. तिचा नवरा कंपनीत शिफ्टला जातो. त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि घरातली मधली खोली थोरलीकडे होती. ती खोली मोकळी करून वहिनीने नागोठण्याला भावाकडे जावं, असं धाकटीचा नवरा मागची दोन-तीन वर्षं बोलत होता. नागोठण्याचं घर नदीलगत आहे. मोठ्या पावसात तिथे पाणी शिरतं आणि भाऊ स्वतःच सामान घेऊन माळ्यावर बसतो. थोरलीला जायचं नव्हतं. हे सगळं मला ठाऊक होतं. मी त्यांच्याकडून पापड न्यायचो, आणि पापड मोजून होईपर्यंत माणसं बोलतात.

त्यांचं काम बघण्यासारखं होतं. दोघी मांडी घालून जमिनीवर समोरासमोर बसायच्या. थोरली पिठाची वळी करून दोऱ्याने लाट्या कापायची, धाकटी लाटायची. लाटलेला पापड धाकटीने उचलला की त्याच क्षणी पुढची लाटी पोळपाटावर आलेली असायची. थोरली वर बघायची नाही. तोंडं मात्र चालू असायची.

"मीठ चढलंय गो आज."

"तुमच्याच हातानं चढलं, बाय. मी निस्तं पानी घातलं."

"पानी घालनारीनं चाखायचं नाय?"

"चाखलं असतं तर बोलला असता, अर्धं पीठ हिनंच खाल्लं."

मी प्रयोगाचं विचारलं तेव्हा थोरली म्हणाली, "टोपी घालून पापड लाटायचे? माकडाचा खेळ हाय काय?"

मी म्हणालो, "फोटो पेपरात येईल."

तिने पदर डोक्यावर घेतला. जरा वेळाने विचारलं, "रंगीत येतो फोटो?"

मी हो म्हणालो.

संमतीचा कागद चार पानांचा आणि इंग्रजीत होता. मी तो त्यांना एका वाक्यात सांगितला: सुई नाही, इजा नाही, टोपी घालायची आणि पापड करायचे. तिसऱ्या पानावर असं छापलं होतं की कोणाचाही वैयक्तिक निकाल उघड केला जाणार नाही. ते मी वाचलं होतं. सांगितलं नाही. धाकटीने सही केली, थोरलीने अंगठा दिला आणि शाई पोळपाटाच्या फडक्याला पुसली.

प्रयोग पेणच्या एका मंगल कार्यालयात झाला. आदल्या दिवशी तिथे लग्न होतं. फरशी फिनेलने पुसलेली होती, तरी शिळ्या अन्नाचा आणि कुजलेल्या झेंडूचा वास खालून येत होता. बायकांना कागदी नंबर दिले होते, ते पिनेने पदराला लावून त्या भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसल्या होत्या. व्यासपीठावर वधूवरांच्या दोन सोनेरी खुर्च्या तशाच होत्या. सर त्यातल्या एका खुर्चीत बसून प्लेटमधला उपमा खात होते आणि नंबरावरून बायकांना बोलावत होते. चौदा नंबर. नऊ नंबर. एकीला त्यांनी चमच्याने खूण करून बोलावलं.

आधी एक भाग असा होता की जोडीने समोरासमोर बसायचं आणि दोन मिनिटं न बोलता एकमेकींच्या डोळ्यांत बघायचं. थोरली पंख्याकडे बघत बसली. टोप्या चढवणाऱ्या तंत्रज्ञ बाईंनी तिला समोर बघायला सांगितलं.

"हिच्या थोबाडात काय बघायचं? लगीन होऊन आली तवापासून बघत्येय."

"तुमचं तरी काय ताजं हाय?" धाकटी म्हणाली, आणि दोघी हसल्या. ती दोन मिनिटं बाद झाली. मग त्यांना टेबलाशी खुर्चीवर बसवून पापड करायला लावलं. तारा टेबलापर्यंतच पोचत होत्या. बोलायची मनाई होती. त्या दोघींनी आयुष्यात खुर्चीवर बसून आणि गप्प राहून पापड केले नव्हते.

त्याआधी टोपी चढवताना जे झालं ते मी दोन हातांवरून पाहिलं. प्रत्येक दिव्याखालचे केस बारीक काडीने बाजूला सारावे लागतात. थोरलीचे केस आदल्या आठवड्यात मी पाहिले होते तेव्हा पांढरे होते. आता ते कोळशासारखे काळे होते. तंत्रज्ञ बाईंच्या हातमोज्यावर काळं आलं. त्यांनी नाक मुरडलं, मोजा थोरलीच्या डोळ्यांसमोर धरून बघितला, टिश्यूने पुसला आणि ती टिश्यू टेबलावर पोह्याच्या पिठाच्या परातीशेजारी ठेवली. मग सरांना इंग्रजीत सांगितलं की या डोक्यातून उजेड परत येत नाही, केसांवर काहीतरी थापलेलं आहे.

सर म्हणाले, "असू दे. रेकॉर्ड करून ठेवा."

हे मी ऐकलं. मला इंग्रजी येतं.

शेवटच्या दिवशी दुपारी त्याच कार्यालयात समारंभ ठेवला होता. बायका, त्यांच्या घरचे लोक, पापडाचे व्यापारी, दोन-तीन पुढारी. प्रत्येकीला एक छत्री आणि स्टीलचा डबा. सरांनी पडद्यावर आधी पेणच्या एका आई-मुलीच्या रेघा दाखवल्या. त्या बैलजोडीसारख्या बरोबरीने चालल्या होत्या. टाळ्या झाल्या. मग दुसरं चित्र आलं. एक रेघ वर-खाली होत होती, दुसरी जवळजवळ सपाट.

"ही जोडी अनेक वर्षं एकत्र काम करते," सर म्हणाले. "पण मेंदूंचा मेळ नाही. हात जुळलेत, मन जुळलेलं नाही."

नाव त्यांनी घेतलं नाही. पण चित्राच्या कोपऱ्यात टेबलाचा फोटो होता आणि त्यात दोघींच्या साड्या दिसत होत्या. त्याच साड्या नेसून त्या समोर तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या.

माझ्या मागून कोणीतरी म्हणालं, "त्या रोह्याकडच्या जावा नव्हं?"

"जावाच त्या. त्याला यंत्र कशाला लागतंय?"

मोठा हशा झाला. पुढारीही हसले. थोरलीने धाकटीकडे बघितलं नाही, धाकटीने तिच्याकडे बघितलं नाही. थोरलीने शेजारच्या बाईकडे पाणी मागितलं.

मी बातमी त्याच दिवशी पाठवली. सरांना एक प्रश्न विचारायचा होता: ज्या डोक्यातून उजेड परतच येत नव्हता, त्याची रेघ सपाट येणार नाही तर कशी येणार? तो विचारला असता तर बातमी मेली असती, किंवा निदान तिचा तो परिच्छेद मेला असता, आणि तोच परिच्छेद लोक वाचणार होते. 'हात जुळले, मनं नाहीत' हा मथळा मीच सुचवला. जावांची नावं दिली नाहीत. गावाचं नाव दिलं. त्या गावात पापड करणाऱ्या जावा दुसऱ्या नाहीत. सोबत रंगीत फोटो: टोपी घातलेली थोरली लेन्सकडे बघते आहे, मान ताठ, टोपीखालून काळी वेणी पुढे घेतलेली.

बातमी छापून आल्यावर चौथ्या दिवशी धाकटीच्या नवऱ्याचा फोन आला.

"भाऊ, उपकार झाले तुमचे. मी किती वरसं बोलतोय, घरात कोन ऐकत नव्हतं. आता यंत्रानंच सांगितलं."

"काय सांगितलं?"

"तुम्हीच लिहिलंय की. वयनीचं मन आमच्या घरात नाय. मग खोली तरी कशाला अडवायची? गावकीत ठेवलाय विषय. कात्रन लॅमिनेट करून घेतलं, म्हटलं हाताळून फाटायला नको."

त्याचा आवाज खरोखर कृतज्ञ होता. फोन ठेवल्यावर मी तोंड धुतलं. उपयोग झाला नाही.

दुसऱ्या दिवशी मी पेणला गेलो. गट अजून कार्यालयातच होता, सर सामान आवरत होते. मी विचारलं, ती रेघ बरोबर होती का?

"कुठली? ती कलपवाली? ती जोडी आम्ही पहिल्याच दिवशी बाद केली."

"मग दाखवली कशाला?"

"उदाहरण म्हणून. लोकांना फरक दिसायला हवा ना. सपाट रेघ पडद्यावर फार छान दिसते."

मी म्हणालो की त्या बाईला घराबाहेर काढतायत. त्यांनी तोंड कसंनुसं केलं, आणि वैयक्तिक निकाल उघड करायचे नाहीत असा त्यांचा नियम असल्यामुळे लेखी काही देता येणार नाही, असं सांगितलं. तिसऱ्या पानावरचं वाक्य अखेर असं कामाला आलं. पुन्हा तपासणी करता येईल का, असं मी तंत्रज्ञ बाईंना विचारलं. त्या तारा गुंडाळत होत्या.

"कलप उतरेपर्यंत नाही. नाहीतर केस काढायला सांगा. टक्कल असलं की सिग्नल झकास येतो."

मी तिथून सरळ त्या गावात गेलो आणि हे त्यांना जसंच्या तसं सांगितलं. एक उपाय म्हणून सांगितलं. इतकी वर्षं एकाचं म्हणणं दुसऱ्याला पोचवायचं काम केल्यावर माणूस तोंडातून काय पोचवतो आहे हे बघायचं थांबतो, एवढंच मला त्याचं कारण देता येतं.

थोरली लाट्या कापत होती. दोरा तिच्या हातात तसाच राहिला. धाकटीने लाटणं बाजूला ठेवलं.

"आमच्यात नवरा मेला तरी बाईचे केस काढीत नाय, भाऊ. तुमच्या यंत्रासाठी काढायचे?"

तिने हाताचं पीठ पदराला पुसलं.

"आणि कलप मी लावला. बायनं नाय. मागीलदारी बसवली, जुना ब्रश घेतला आणि लावला. नाय नाय म्हनत व्हती. मीच म्हटलं, जल्मात एकदा फोटो येतोय, म्हातारी दिसू नका."

"चपचपीत थापलान," थोरली म्हणाली. "कानाला पन लावलान."

घरी येऊन मी तो फोटो संगणकावर मोठा करून बघितला. थोरलीच्या डाव्या कानाच्या पाळीवर काळा डाग होता. फोटोच्या कडेला धाकटीचा हात आला होता, पोळपाटावर. तिच्या बोटांच्या नखांत कलप होता. हे सगळं माझ्या वर्तमानपत्रात छापलेलं होतं, माझ्याच मथळ्याखाली.

गावकी रविवारी सकाळी देवळाच्या सभामंडपात बसली. पंधरा-वीस पुरुष, सतरंजीवर. बायका बाहेर पायरीशी. लॅमिनेट केलेलं कात्रण मध्ये ठेवलं होतं, ते उन्हात चकाकत होतं आणि ज्याला-त्याला ते हातात घेऊन बघायचं होतं. गावकीचे अध्यक्ष निवृत्त एस.टी. वाहक होते. त्यांनी मला विचारलं, "हे तुम्ही लिहिलं?"

"हो."

"खरं हाय?"

मी कलपाचं सांगितलं. उजेड परत आला नाही म्हणून रेघ सपाट आली, मनाचा त्यात काही संबंध नाही, असं सांगितलं.

"हे तुम्हाला कधी कळलं? छापल्यावर?"

हो म्हणता आलं असतं. "छापायच्या आधी," मी म्हणालो. "टोपी घालताना मी तिथेच होतो."

हातोहात फिरणारं कात्रण कोणीतरी खाली ठेवलं. मग एक जण म्हणाला, "म्हंजे ठाऊक असून छापलंत."

"हो."

"मग खरं पन छापा की."

"ते संपादकांच्या हातात आहे. विचारावं लागेल."

"खोट्याला नाय लागत परवानगी, खऱ्याला लागते," अध्यक्ष म्हणाले. पायरीवरच्या बायका हसल्या.

धाकटीचा नवरा म्हणाला, यंत्र चुकलं असेल, पण जावांचं पटत नाही हे काही खोटं नाही, रोज भांडतात. धाकटी पायरीवरून उठून खांबाशी आली. नवऱ्याने तिला बस म्हणून सांगितलं.

"बसते. आधी सांगा, बाय नागोठन्याला गेली तर लाट्या कोन कापनार? तुम्ही? शिफ्ट सोडून?"

"तू काप."

"मग लाटनार कोन?" ती म्हणाली. "पोळपाट आमच्या सासूचा, तिनं तो बायला दिलेला. बाय जाईल तिकडं पोळपाट जाईल, आन् पोळपाटाबरोबर मी जाईन. तुमी आनि तुमची सून घ्या मग मधली खोली."

अध्यक्षांनी निर्णय दिला. पत्रकाराने खरं काय ते आत्ता, इथे, स्वतःच्या हाताने लिहून सही करायची. तो कागद देवळाच्या फळ्यावर लावायचा. थोरली स्वतः जाते म्हणाली तरच खोली मोकळी होईल. मुलासाठी मागच्या पडवीला भिंत घालून घ्यावी. कात्रण गावकीच्या दप्तरात जमा.

मी फुलस्केप कागदावर लिहिलं: बातमीतला या गावाबद्दलचा मजकूर चुकीचा आहे. तो चुकीचा असल्याची शंका मला आधीच होती. मी चौकशी केली नाही. खाली सही आणि तारीख. कोणीतरी त्या कागदाचा फोटो काढला आणि संध्याकाळपर्यंत तो संपादकांच्या मोबाइलवर पोचला. त्यांनी खुलासा छापला नाही. पेण-रोह्याचं काम दुसऱ्याकडे दिल्याचं मात्र मला त्याच रात्री कळवलं, दोन ओळींत.

यानंतर बरेच महिने गेले. मुलाचं लग्न झालं, पडवीला भिंत झाली, थोरली मधल्या खोलीतच आहे. गेल्या आठवड्यात सरांचा फोन आला. प्रयोगाचा दुसरा टप्पा सुरू होतो आहे. त्या दोघी आता फार महत्त्वाच्या जोडीत मोडतात, कारण अशा प्रसंगातून गेलेली जोडी सहसा मिळत नाही. "त्या मोठ्या बाईंचे केस आता वाढले असतील ना?" त्यांनी विचारलं. मी फोन बंद केला.

दोन दिवसांनी पापड आणायला गेलो. दोघी जमिनीवर समोरासमोर बसल्या होत्या. मीठ चढल्यावरून बोलणं चालू होतं. पण थोरली आता लाटी कापल्यावर वर बघते. धाकटीचा पापड उचलून झाला का, हे बघते आणि मगच लाटी पुढे करते. धाकटीही थांबून तिच्या हाताकडे बघते. फार वेळ जात नाही, एखादा श्वास. तेवढ्यात एका लाटीची कड सुकली आणि थोरलीने ती परत पिठात दाबली.

ती खाली वाकली होती. पापड मोजता मोजता माझी नजर तिच्या भांगावर गेली. मुळाशी केस पांढरे झाले होते, साधारण चार बोटं, आणि त्याखाली काळे. टोपीचे पुढचे दिवे कुठे येतात ते मला माहीत आहे. तिथे आता उजेड पोचला असता.

थोरलीने मान वर केली. पदर कपाळापर्यंत ओढला.

"मोजलंत?" तिने विचारलं.

मी हो म्हणालो.